मदत हवी आहे: वर्डप्रेसमध्ये गाव आणि वर्ष जोडून पानाचा पत्ता कसा बनवायचा?

नमस्कार मंडळी,

बेळगाव परिसरातल्या साहित्य संमेलनांच्या पत्रिका, अध्यक्षीय भाषणं आणि फोटो एका साइटवर आणायचं काम आमच्या वाचनालयाने अंगावर घेतलंय. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, शिवाय बेळगावात झालेली अखिल भारतीय संमेलनं. 'संमेलन' हा वेगळा पोस्ट टाइप (पानांचा प्रकार) केलाय, त्यात गाव आणि वर्ष अशी दोन फील्ड.

पत्ता हवाय तो असा: संमेलन/बेळगाव/१९४६ (माडखोलकर अध्यक्ष होते ते) आणि संमेलन/बेळगाव/२००० (य. दि. फडके). होतंय भलतंच. शीर्षकात वर्ष घातलं तरी येळ्ळूरच्या पानाचा पत्ता 'येळ्ळूर-मराठी-साहित्य-सं' इथेच तुटतो आणि पुढच्या वर्षाच्या पानाला नुसतं '-२' लागतं. मग रीराइट स्लगमध्ये (पत्त्याच्या साच्यात) इयर टॅग घातला, फिल्टर (वर्डप्रेस जे छापतं ते बदलणारा कोड) लावून लिंकही बरोबर छापून घेतली, पण क्लिक केलं की ४०४, म्हणजे 'पान सापडत नाही'. पर्मालिंक (पानांच्या पत्त्यांचं) सेटिंग सेव्ह करून झालंय. प्लगइन शक्यतो नको, नंतर सांभाळणार कोण? कुणी वाट दाखवेल का?

उत्तर

दोन वेगळी दुखणी आहेत.

पत्ता तुटतो तो देवनागरीमुळे. स्लग म्हणजे पत्त्यातलं पानाचं नाव; डेटाबेसमध्ये त्याचा कॉलम २०० अक्षरांचा, आणि साठवताना देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-अनुस्वारसुद्धा, टक्केवाल्या रूपात ('म' म्हणजे %E0%A4%AE) ९ जागा खातं. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. वर्षापर्यंत गाडी पोचतच नाही.

४०४ येतो कारण इयर हे नाव वर्डप्रेसचं स्वतःचं आहे. त्याचा अर्थ 'पोस्ट प्रसिद्ध झाल्याचं वर्ष'. तुम्ही १९४६ दिलंत की ते १९४६ साली टाकलेली पोस्ट शोधायला जातं. कुठून सापडणार!

मी असतो तर स्लगच 'गाव-वर्ष' ठेवला असता. पोस्ट सेव्ह होताना दोन्ही फील्ड वाचून तो आपोआप भरायचा, शीर्षकाचा संबंधच नको. मग ॲड रीराइट रूल (पत्ता कुठे वळवायचा ते सांगणारं फंक्शन) वापरून 'संमेलन/गाव/चार आकडे' हा साचा त्या स्लगकडे वळवायचा आणि पोस्ट टाइप लिंक फिल्टरमध्ये शेवटच्या डॅशच्या जागी तिरकी रेघ छापायची. रूल 'टॉप'ला, म्हणजे यादीत सगळ्यात वर टाका, नाहीतर आधीचे नियम त्याला गिळतात. त्यानंतर पर्मालिंक पुन्हा सेव्ह. वर्षाचे आकडे पत्त्यात इंग्रजीच ठेवा, शून्य ते नऊच्या साच्यात देवनागरी आकडा बसत नाही.

आणि गाव हे मोकळं फील्ड ठेवू नका. एक जण येळूर लिहील, दुसरा येळ्ळूर. टॅक्सॉनॉमी (ठरलेल्या नावांची वर्गवारी) करा, प्रत्येक गावाचा रोमन स्लग एकदाच ठरवा. देवनागरी लिंक व्हॉट्सॲपवर चिकटवली की बऱ्याचदा टक्क्यांची मालगाडी होते, म्हणून रोमन.

मूळ प्रश्नकर्ता

चाललं की ओ! १९४६ आणि २००० दोन्ही उघडायलेत. फक्त बेळगावचं रोमन स्पेलिंग जुनं ठेवायचं का नवं, यावरून मंडळात दोन तट पडलेत. त्याला कुठला फिल्टर लावायचा?

उत्तर

एक कुठलंही ठेवा, दुसऱ्यावरून ३०१ रीडायरेक्ट (कायमचं आपोआप वळवणं) द्या.