विनिफ्रेड होल्टबीची नायिका शेवटी कच खाते का?

वाचनवेडी:
इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या लेखिका विनिफ्रेड होल्टबी यांची ‘साउथ रायडिंग’ (१९३६) ही कादंबरी नुकतीच वाचून संपवली. लोहाराची मुलगी सारा बर्टन मुख्याध्यापिका होऊन आपल्या मुलखात परतते आणि मुलींची शाळा नेटाने सुधारते, इथवर तिचा बाणा पटतो. पण जो जमीनदार कार्न तिच्या सुधारणांना विरोध करतो, त्याच्याच प्रेमात ती पडते. लेखिकेने इथे कच खाल्ली, असे आपणांस वाटते का?

पारावरचा:
मला तसे वाटत नाही. कार्नच्या मृत्यूने सारा पुरती खचते, तरी शाळा सोडत नाही. आणि इंग्लंडमध्ये लग्न होताच अनेक शिक्षिकांना नोकरी सोडावी लागत असे, त्या काळातली ही कादंबरी आहे. खरी कसोटी मात्र लिडिया हॉलीची. रेल्वेच्या जुन्या डब्यात राहणाऱ्या या हुशार मुलीची आई बाळंतपणानंतर दगावते आणि धाकट्या भावंडांचे करायला तिला शाळा सोडावी लागते. तिची वाट मोकळी होते ती साराच्या तळमळीने नव्हे, तर बाप एका विधवेशी लग्न करायला निघतो म्हणून! घरचे रांधणे-धुणे कोणी करायचे, यावर मुलीचे शिक्षण अडते, हे होल्टबी कसलाही गहिवर न आणता दाखवतात.

जुनी पाने:
होल्टबी यांचीच ‘द क्राउडेड स्ट्रीट’ (१९२४) अवश्य वाचा. लहानग्या म्यूरिएलच्या हाती मेजवानीत नाचाची पत्रिका येते. तिच्यावर जोडीदारांची नावे लिहायची असतात आणि तिची कोरीच राहते. पुढे लग्नाची वाट पाहण्यात तिची उमेदीची वर्षे सरतात. मग लंडनला जाऊन ती कामाला लागते आणि ज्याच्यासाठी झुरली त्यानेच मागणी घातली, तेव्हा नकार देते. कादंबरी म्हणून ती जरा विस्कळीत आहे, पण हा नकार सारापेक्षा धीट वाटतो.

कोपऱ्यातला वाचक:
‘साउथ रायडिंग’मधल्या मिसेस बेडोज यांना कसे विसरलात? बहात्तरीतल्या या बाई घरी चिक्कू नवरा सांभाळतात आणि कौंटी कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या जिल्हा परिषदेत, दबदबा राखून असतात. लेखिकेच्या आई अ‍ॅलिस होल्टबी स्वतः यॉर्कशायरच्या ईस्ट रायडिंग या भागाच्या कौन्सिलवर होत्या, त्यामुळे रस्ते, शिक्षण, घरबांधणी अशा समित्यांवर बेतलेली प्रकरणे अस्सल उतरली आहेत. होल्टबी १९३५ मध्ये ३७ व्या वर्षी वारल्या. कादंबरी छापून आली ती त्यानंतर. साराच्या प्रेमावर वाद जरूर घालावा, पण शाळेच्या इमारतीसाठी तिला या समित्यांशी किती झगडावे लागते, तेही पाहावे.