मदत हवी आहे: डाळमिलच्या पत्र्यावर सोलर बसवायचं की नाही? बसवलेल्यांनी निर्णय कशावर घेतला?

नमस्कार मंडळी,

उदगीरला आमची तूर-हरभऱ्याची डाळमिल आहे. अण्णांनी (माझे वडील) उभी केली, गेली सहा वर्षं हिशोब आणि खरेदी मी बघते. मंजूर भार ६५ अश्वशक्ती. जानेवारीत नवी तूर सुरू झाली की मे संपेपर्यंत रोज दहा तास मिल चालते. त्या दिवसांत महिन्याला साडेआठ हजार युनिट जळतात आणि बिल ९० हजारांच्या घरात जातं. पाऊस लागला की ओट्यावर माल वाळत नाही, मग आठवड्यातून दोन दिवस मिल फिरली तरी खूप. जून ते डिसेंबर महिन्याला दीड हजार युनिटही पुरतात.

एका एजन्सीने ४० किलोवॅटचं कोटेशन दिलंय, १९ लाखांचं. त्यांचा हिशोब असा: किलोवॅटला दिवसाला ४ युनिट, वर्षाचे ५८ हजार युनिट, १० रुपयांनी ५ लाख ८० हजार वाचले, सव्वातीन वर्षांत पैसे वसूल. कागदावर छानच दिसतं. पण आमची मिल वर्षातले सात महिने जवळजवळ झोपलेली असते, ते त्या कागदावर कुठेच नाही. विचारलं तर "नेट मीटर आहे ना, युनिट जमा राहतात" एवढंच उत्तर मिळालं. (नेट मीटर म्हणजे आपली जादा सोलर वीज वीज कंपनीच्या लाइनला गेली की तेवढी युनिट आपल्या नावावर जमा धरणारा मीटर.)

आमच्या रस्त्यावर तिघांनी सोलर बसवलंय. तिघांकडेही जाऊन आले. एकाने बिलाला कंटाळून बसवलं. दुसऱ्याचं सरळ सांगणं होतं की शेजाऱ्याचं बिल उतरलेलं बघितलं आणि महिन्याच्या आत ऑर्डर दिली. तिसऱ्याला नफ्यावरचा कर वाचवायचा होता, सोलरला ४० टक्के घसारा (यंत्राच्या झिजेपोटी नफ्यातून वजा धरायची रक्कम) मिळतो म्हणून. नुसतं "सूर्य फुकट आहे" म्हणून खिशात हात घालणारा कुणी भेटला नाही. कर्जाचा हप्ता आणि बिलातली बचत यांचा मेळ बसला तेव्हाच हे लोक हलले.

अण्णांचा आग्रह वेगळ्याच कारणासाठी होता. भर हंगामात लाईट गेली की रोलरमध्ये तूर अडकते, ती हाताने काढून मगच मशीन पुन्हा सुरू करावं लागतं. तासभर जातो, हमाल बसून राहतात. सोलर आलं की ही कटकट संपेल असं त्यांना वाटत होतं. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला, जोडलेला सोलरचा इन्व्हर्टर लाईट गेली की स्वतःही बंद पडतो, लाइनवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आता म्हणतात, तूच ठरव.

आणखी एक. शेजारच्या मिलच्या पत्र्यावर चढून पॅनेलवर बोट फिरवलं, तर बोटाला भुरकट लेप आला. टरफलाची बारीक धूळ आणि सकाळचं दव, दोन्ही मिळून चिकट थर बसतो. तो धुवायला पाणी किती लागतं, माणूस किती दिवसांनी लावता?

ज्यांच्या मिल हंगामी आहेत त्यांनी किती किलोवॅट घेतलं आणि का, ते कृपया सांगा. डाळमिल नसली तरी चालेल, जिनिंग, भातगिरणी, काजू, बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज, कुणाचाही अनुभव उपयोगी पडेल. कृषी पायाभूत सुविधा निधीतल्या ३ टक्के व्याजसवलतीच्या कर्जात मिलसोबत सोलरही कुणाचं बसलं का?

प्रतिसाद

ताई, लातूरला आमची डाळमिल आहे, सोलरला चार वर्षं झाली. तुमच्या आकड्यांवर ४० किलोवॅट जास्त होतंय. जमा युनिटचा हिशोब ३१ मार्चला बंद होतो. उरलेली युनिट वीज कंपनी घेते, पण फार कमी दराने. जून ते डिसेंबर तुमचे जमतील १९-२० हजार, जानेवारी ते मार्चमध्ये त्यातले संपतील १० हजार, बाकीचे पडून. २५ किलोवॅट घेतलं तर पावसाळ्यातलं साठलेलं सगळं मार्चच्या आत तूरच खाऊन टाकते. डाळमिलचं हे नशीब चांगलं आहे, ऊन आणि हंगाम एकाच वेळी येतात. कोल्ड स्टोरेजवाल्यांना हा प्रश्नच नाही, त्यांचा कॉम्प्रेसर बाराही महिने चालतो.

१० रुपयांचा दरही तपासा. २०२५ च्या वीजदर आदेशात सकाळी ९ ते संध्याकाळी ५ वीज स्वस्त आणि ५ नंतर महाग झाली. सोलर वाचवतं ते स्वस्त तासांतलं युनिट. डिमांड चार्ज (युनिटवर नाही, तर विजेच्या कमाल मागणीवर लागणारा आकार) तर तसाच राहतो, तो वजा करून हिशोब मांडा.

आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं ते सांगतो. सोलर लागलं की ग्रिडमधून येणारी वीज घटते, पण मोटारींना चुंबकीय क्षेत्र उभारायला लागणारी रिअ‍ॅक्टिव्ह वीज तेवढीच राहते. मीटरवर पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली प्रत्यक्ष कामाची किती, ते प्रमाण) घसरतो आणि बिल वाढतं. आम्ही कपॅसिटर पॅनेल (ती वीज मिलमध्येच पुरवणारं) बदललं तेव्हा बिल ताळ्यावर आलं. तो खर्च कोटेशनमध्येच घालून घ्या. धुण्याचं म्हणाल तर हंगामात दर आठ दिवसांनी, सकाळी लवकर, पॅनेल तापायच्या आत.

धागाकर्ती

काका, खूप आभार. ३१ मार्चचं गणित आज अण्णांसमोर वहीत मांडलं. २५ किलोवॅटचं नवीन कोटेशन मागवतेय, त्यात कपॅसिटर आणि पत्र्याखालच्या कैच्यांची (छत पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्याची) तपासणी वेगळी लिहून मागितली आहे. आमचे पत्रे बावीस वर्षांचे आहेत. एवढ्या जुन्या शेडवर कुणी बसवलंय का? आधी पत्रे बदलले की तसेच ठेवले?