पिवळे मणी घातले म्हणून वर्गाबाहेर

जर्सीकर_मावशी:
न्यू जर्सीत पाचवीच्या वर्गावर मदतनीस आहे. सोमवारी एक कृष्णवर्णीय मुलगी बारीक वेण्यांत पिवळे मणी ओवून आली. मान हलली की खुळखुळ. बाईंनी "मुलांचं लक्ष जातं" म्हणत तिला ऑफिसात धाडलं. परतली ती हुडी डोक्यावर ओढूनच. एरवी पहिला हात तिचा वर. त्या दिवशी एकदाही नाही. मी गप्प बसले, तेच सलतंय. काय करू?

विदर्भी_वकील:
मावशी, केसांच्या ठेवणीवरून भेदभावाला बंदी घालणारा क्राउन कायदा २०१९ मध्ये आधी कॅलिफोर्नियात आणि डिसेंबरात तुमच्या राज्यातही झाला. शाळेलाही लागू आहे. लेखी विचारा, तोंडी नको.

सातारची_सून:
कायदा ठीक, पण बाईंच्या नजरेचं काय? जॉर्जटाउन विद्यापीठाच्या लॉ सेंटरचा २०१७ चा अहवाल वाचा. मोठी माणसं कृष्णवर्णीय मुलींना त्या पाच वर्षांच्या असल्यापासूनच गोऱ्या मुलींपेक्षा कमी निरागस समजतात, त्यांना मायेचीही गरज कमी, असं धरून चालतात. फेब्रुवारीत, कृष्णवर्णीय इतिहासाच्या महिन्यात, भिंतीवर चार पोस्टरं लावून हे जात नाही. (आणि आपण तरी कुठे धुतल्या तांदळाचे? "सावळी असली तरी नाकीडोळी नीटस" म्हणणारी आत्या घरोघरी आहेच.)

जर्सीकर_मावशी:
आज डबा खाताना तिच्याशेजारी बसले. मणी कुणी ओवले, विचारलं. "आजीनं. रविवारी. चार तास लागले." उद्या कायद्याची प्रत घेऊन मुख्याध्यापिकांकडे जातेय.