मेलवाला बदलायचाय, पण थंडरबर्ड सोडायचं नाही. चुकतंय का माझं?

उद्यमनगर पॅटर्न

मंडळी, आधी काय झालं ते सांगतो, मग मुद्द्यावर येतो.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं पॅटर्न शॉप (ओतकामाचे नमुने बनवायचं) आहे आणि शिरोलीत छोटी फाउंड्री. ग्रे आयर्नचं काम, बहुतेक पंप आणि व्हॉल्व्हचं. गेल्या पावसाळ्यात एका गिऱ्हाइकानं व्हॉल्व्ह बॉडीचं सुधारित ड्रॉइंग मेलनं पाठवलं. रेव्हिजन सी. फ्लँजमागच्या बॉसची (उंचवट्याची) जाडी ४ मिलिमीटरनं वाढवलेली. ती मेल आमच्यापर्यंत आलीच नाही. आमची मेलची पेटी १ जीबीची, ती तुडुंब भरलेली. मेल परत फिरली, आणि परत फिरल्याचा निरोप गिऱ्हाइकाच्या अशा पत्त्यावर गेला जो तिकडं कुणी उघडत नाही. आम्ही आपले रेव्हिजन बी धरून ओतत बसलो. चाळीस नग. इन्स्पेक्शनला त्यांच्या माणसानं व्हर्नियर लावला, पुसून परत लावला, आणि काही न बोलता ड्रॉइंगची घडी उलगडून माझ्यापुढं ठेवली. खालच्या कोपऱ्यात सी. चाळीसच्या चाळीस नग परत भट्टीत गेले.

ज्यानं आमची वेबसाइट केली त्याच्याकडंच डोमेन (मेल पत्त्यातलं @ नंतरचं नाव) आणि मेल आहे. त्याला फोन केला तर म्हणाला, जुन्या मेल डिलीट करत जा. अहो, त्यात हीट नंबर (नग कुठल्या ओतीचा ते सांगणारे) आहेत, टेस्ट सर्टिफिकेटं आहेत, पीओ (खरेदीच्या ऑर्डरी) आहेत. तीन वर्षांनी एखादा नग फुटला तर गिऱ्हाईक हीट नंबर मागतं. तेव्हा काय दाखवू?

म्हणून नऊच्या नऊ पेट्या दुसरीकडं न्यायचं ठरवलंय. गूगल, मायक्रोसॉफ्ट, झोहो, तिघांचे दर बघतोय. त्यात फार वाद नाही. वाद आहे तो दुसऱ्याच गोष्टीवर. माझा भाचा म्हणतो, "मामा, नवीन ठिकाणी जाताय तर थंडरबर्ड पण सोडा, ब्राउझरमध्ये मेल बघा आणि विषय संपवा." मी म्हणतो, नाही. २००९ पासूनच्या मेल त्यात आहेत, ३१ जीबी. मशीनवर मेल बघायचं फुकट सॉफ्टवेअर आहे, मोझिलानं काढलेलं, आणि मेल साठवतंय साध्या मजकुराच्या फायलीत. वेळ पडली तर नोटपॅडमध्येसुद्धा उघडून वाचता येतं. मेलवाला हा पोस्टमन. पोस्टमन बदलला म्हणून घरातली पत्रं कोण त्याच्या हवाली करतं?

तुम्ही काय करता ते सांगा.

शाहूपुरी हिशेब

साहेब, तुमचा भाचा बरोबर आहे. कळकळीनं सांगतो, कारण आम्ही यातून गेलोय.

आमचं टॅक्सचं ऑफिस व्हीनस कॉर्नरजवळ, तळमजल्याला. जुलै २०२१ मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून वर चढत गेली, तेव्हा आम्ही अख्खी रात्र फायली माळ्यावर चढवत होतो. अशिलांचे कागद बचावले. सीपीयू टेबलाखालीच राहिला. आउटलुकची १८ जीबीची पीएसटी फाइल, म्हणजे सगळी साठवलेली मेल, त्यात. बॅकअप होता की! एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर. ती डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये. पाणी उतरल्यावर ड्रॉवर ओढला तर फुगून बसलेला, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटावा लागला. आत डिस्क आणि तिच्यावर बोटभर गाळ.

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाचे कागद वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. पुरानंतरचे सहा महिने आम्ही अशिलांना फोन करकरून "तुम्ही पाठवलेलं परत पाठवा" म्हणत होतो. लाज वाटायची. पूर २०१९ ला आला होता, २०२१ ला आला, पुढं येणार नाही असं कोण लिहून देणार? आता सगळी मेल ब्राउझरमध्ये. मशीन बुडालं तरी दुसऱ्या मशीनवर बसायचं आणि काम चालू.

केबल ते सर्व्हर

मी नेटवर्किंगची कामं करतो, गोकुळ शिरगाव आणि कागल पट्ट्यात. मला दोघांचंही पटलं नाही.

पॅटर्नवाले, तुमची पेटी भरलीच कशी? थंडरबर्ड पॉपवर, म्हणजे सर्व्हरवरची मेल मशीनवर उतरवून घ्यायच्या पद्धतीवर, असणार. त्यात "मेसेज सर्व्हरवर ठेवा" अशी खूण असते. ती तशीच ठेवली की मेल तुमच्याकडं उतरते आणि तिकडंही साठत राहते. मुदत घालून ठेवली असती, समजा १४ दिवस, तर १ जीबी कधी भरला नसता. दोष सेटिंगचा, आणि शिक्षा नऊ माणसांना नवीन जागी नेण्याची. नऊ पेट्यांचं भाडं दर महिन्याला, दर वर्षाला, कायम देत राहायचं. त्यापेक्षा आहे तिथंच मोठा प्लॅन घ्या.

आणि दर-बिर नंतर बघा. डोमेन कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा.

उद्यमनगर पॅटर्न

खूण आहे. तुमचं बरोबर. मोबाईलवरपण मेल दिसावी म्हणून कुणीतरी ठेवलेली, मुदत घातलेली नाही. हे मान्य करायलाच पाहिजे.

पण पेटी ९० टक्के भरली तेव्हा एक सूचना यायला नको होती? आणि आमची कोटेशनं पुण्याच्या गिऱ्हाइकांकडं स्पॅममध्ये जातात, त्याचं काय? तिथं माझं सेटिंग चुकलेलं नाही.

डोमेनचं उद्या बघून सांगतो.

चप्पल लाईन

आमचा कोल्हापुरी चपलांचा व्यवसाय आहे, थोडा माल बाहेरदेशी जातो. मी पॅटर्नवाल्या दादांच्या बाजूनं.

दोन वर्षांपूर्वी ऐन दिवाळीआधी आमचं मेल खातं बंद पडलं. मी मुंबईला प्रदर्शनाला गेलेले, तिथल्या मशीनवरून उघडायला गेले आणि खातं कुलूपबंद झालं. माणूस म्हणून बोलायला पलीकडं कुणी नाही, फक्त फॉर्म भरा आणि थांबा. दोन दिवस. एका ऑर्डरची मापं त्यातच होती, प्रत्येक जोडाची वेगळी, कारण गिऱ्हाईक पायाचं माप कागदावर काढून त्याचा फोटो पाठवतं. मी घरी फोन केला, भावानं दुकानातलं डेस्कटॉप उघडलं, आउटलुकमध्ये सगळे फोटो जसेच्या तसे. त्यानं प्रिंट काढून कारागिरांच्या हातात दिल्या. मेल खातं बंद होतं, पण काम एक तास थांबलं नाही.

हिशेबवाले काका, तुमच्याकडं पूर आला तर मशीन जातं. पण कुलूप लागलं तर ब्राउझरवाल्याकडं काय उरतं?

एक मात्र खरं. डेस्कटॉपवर राहायचं तर सॉफ्टवेअर जुनं ठेवून चालत नाही. गूगलनं ३० मे २०२२ पासून साध्या पासवर्डनं बाहेरच्या सॉफ्टवेअरला आत घेणं बंद केलं, तेव्हा आमचं आउटलुक २०१० दर पाच मिनिटांना पासवर्ड मागत बसलेलं. ॲप पासवर्ड (त्या एका सॉफ्टवेअरपुरता वेगळा) काढून दिला तेव्हा थांबलं.

कागलकर, सध्या पुण्यात

इथं एक घोटाळा होतोय, तो आधी सोडवू या. "मशीनवर आहे म्हणजे आपलं आहे" हे पॉपला लागू. तुम्ही नवीन ठिकाणी जाणार ते आयमॅपवर, कारण मोबाईल आणि मशीन दोन्हीकडं सारखं दिसायला पाहिजे. आयमॅपमध्ये मशीनवर असतं ते सर्व्हरचं प्रतिबिंब. सर्व्हरवर कुणी फोल्डर उडवला की तुमच्या थंडरबर्डमधूनही तो जातो. तेव्हा दादांचा पोस्टमनचा दाखला अर्धाच खरा. नवीन पोस्टमन तुमच्या घरातली पत्रंही उचलून नेऊ शकतो. ज्या मेल खरंच जपायच्या आहेत त्या थंडरबर्डच्या लोकल फोल्डरमध्ये काढून ठेवाव्या लागतात. तिथं सर्व्हरचा हात पोचत नाही.

बदलताना सगळ्यात मोठी चूक कुठं होते तेही सांगतो. माणसं जुन्या खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन सर्व्हरचं नाव खोडून नवीन घालतात. खातं आधीपासून आयमॅपचं असेल तर थंडरबर्ड नव्या, रिकाम्या सर्व्हरशी जुळवून घेतं आणि इकडचंही रिकामं होतं. एका दवाखान्याचं असं झालेलं मी बघितलंय. डॉक्टर नुसते स्क्रीनकडं बघत बसलेले. तुमचं पॉप आहे, आणि पॉपचं खातं आयमॅपमध्ये बदलताही येत नाही. म्हणजे नवीन खातं शेजारी वेगळं जोडायचं, जुनं तसंच ठेवायचं. ३१ जीबी आहे तिथं बरं आहे.

ते सगळं वर चढवायचा हट्टही धरू नका. गूगल वर्कस्पेसवर आयमॅपनं एका पेटीत दिवसाला ५०० एमबीच्या आसपासच चढवता येतं. समजा ३१ जीबी एकाच पेटीत घालायचे म्हटले, तर दोन महिने जातील. चालू कामाचं तेवढं न्या. आणि झोहोचा फुकटचा प्लॅन बघत असाल तर त्यात आयमॅपही नाही, पॉपही नाही. थंडरबर्ड चालवायचं तर पैसे भरूनच घ्यावं लागेल.

शाहूपुरी हिशेब

म्हणजे फिरून माझ्याच मुद्द्यावर आलात. लोकल फोल्डरमध्ये काढायचं, मग त्याची प्रत घ्यायची, मग ती प्रत दुसरीकडं ठेवायची. हे दर आठवड्याला करणार कोण? ताई, तुमच्या भावानं त्या दिवशी मशीन उघडलं, छान झालं. पण त्याच रात्री ते मशीन गेलं असतं तर? छोट्या ऑफिसात बॅकअप घेणारा माणूस म्हणून कुणी नसतो. पहिले दोन महिने घेतला जातो, मग ज्यानं शिकून घेतलेलं असतं तो नोकरी सोडून जातो. मी ऑफिसं बघितलीत, शंभराच्या वर.

कुलूप लागण्याची भीती मला मान्य आहे. पण पैसे भरून घेतलेल्या खात्याला फोन नंबर असतो, बोलायला माणूस असतो. कुलूप निघतं. गाळातली डिस्क निघत नाही.

चप्पल लाईन

काका, भाडं थकलं, मालकानं दुकान बंद केलं, कंपनीनं सेवाच बंद केली, हे पण होतंच की. विंडोजमधलं साधं मेल ॲप बघा. मायक्रोसॉफ्टनं ३१ डिसेंबर २०२४ ला त्याची सेवा बंद करून सगळ्यांना नवीन आउटलुककडं ढकललं. आणि ते नवीन आउटलुक दुसऱ्या कंपनीचं खातं जोडलं तरी ती मेल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नेऊन ठेवतं. माझ्या गिऱ्हाइकांच्या मापांची मेल तिसऱ्याच्या घरी का जावी? माझ्या परवानगीशिवाय काही हलू नये एवढंच मला पाहिजे.

केबल ते सर्व्हर

डोमेनचं काय झालं?

उद्यमनगर पॅटर्न

बघितलं. माझ्या नावावर नाही. वेबसाइटवाल्यानं स्वतःच्या नावावर, स्वतःच्या खात्यात घेऊन ठेवलंय. सोळा वर्षं मी दरवर्षी पैसे भरतोय, पावती माझ्या कंपनीची, मालक तो. जीएसटी पोर्टलवर तोच पत्ता, बँकेत तोच, गिऱ्हाइकांच्या व्हेंडर कोडला तोच. त्यानं उद्या नूतनीकरण केलं नाही तर माझ्या ३१ जीबीचा काय उपयोग? जुनं सगळं हातात राहील, पण नवीन एक ओळ मला मिळणार नाही. केबलवाले, हे तुम्ही विचारलं नसतं तर मी थंडरबर्डवर भांडत बसलो असतो.

काल त्याच्या ऑफिसात जाऊन समोर बसलो. भांडलो नाही. चहा झाला, त्यानं नाव बदलून दिलं, डोमेनचा लॉक काढला, ऑथ कोड (डोमेन दुसरीकडं न्यायला लागतो तो) मेल केला.

केबल ते सर्व्हर

मग मी माझं म्हणणं मागं घेतो. ज्यानं डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं त्याच्याकडं मोठा प्लॅन घेऊन राहा असं मी कुणालाच सांगणार नाही. जावा तुम्ही.

फक्त घाई करू नका. डोमेन नवीन खात्यात पूर्ण आल्याशिवाय एमएक्स रेकॉर्डला (मेल कुठल्या सर्व्हरवर जायची ती नोंद) हात लावायचा नाही. आदल्या दिवशी टीटीएल (जुनी नोंद इतरांनी किती वेळ धरून ठेवायची ती मुदत) कमी करून ठेवा. एमएक्स बदलल्यावरही एक-दोन दिवस काही मेल जुन्या सर्व्हरवर उतरत राहतात, म्हणून जुनं खातं थंडरबर्डमध्ये चालूच ठेवा आणि जुन्या माणसाचे महिन्याभराचे पैसे भरून टाका. एसपीएफ रेकॉर्डमध्ये (तुमच्या नावानं मेल कोण पाठवू शकतं त्याची यादी) नवीन पुरवठादार घाला, डीकिमची (मेलवरच्या डिजिटल सहीची) किल्ली टाका. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडं या दोनांतलं एक तरी असावं लागतं. तुमची कोटेशनं स्पॅममध्ये जात होती ती बहुतेक इथंच अडकत असणार.

उद्यमनगर पॅटर्न

सोमवारी आमची सुट्टी असते, त्या दिवशी एमएक्स बदलतो. झोहोचा पैसे भरायचा प्लॅन घेतोय. भाच्याला ब्राउझर वापरायची मुभा आहे, मी आणि स्टोअरचा माणूस थंडरबर्डवरच राहणार.

हिशेबवाले, "करणार कोण" हा तुमचा प्रश्न मला रात्रभर चावत होता. दर शनिवारी पगाराचं पाकीट घ्यायच्या आधी स्टोअरवाला लोकल फोल्डरची प्रत डिस्कवर घेणार आणि हीट रजिस्टरमध्ये तारीख टाकून सही करणार. रजिस्टर मी रोज बघतोच. डिस्क दोन घेतल्यात. एक इथं. दुसरी बहिणीकडं, राजारामपुरीत, तिसऱ्या मजल्यावर. आठवड्याला अदलाबदल.

शाहूपुरी हिशेब

सही तीन महिने टिकली की इथं लिहा. तोवर मी ब्राउझरवरच.

आणि बहिणीला सांगा, ड्रॉवरमध्ये ठेवू नका म्हणावं, कपाटात वरच्या कप्प्यात.