मदत हवी आहे: चेंजिंग बॅगेत रिळावर फिल्म अर्ध्यात अडकते

कृष्णधवल ३५ मिमी फिल्म घरी डेव्हलप करायची आहे. पॅटरसन कंपनीची दोन रिळांची टाकी (फिल्म खाचेदार रिळावर गुंडाळून द्रावणात ठेवायची) आणि चेंजिंग बॅग (आत हात घालून अंधारात काम करायची उजेडबंद पिशवी) आहे. सरावाची फिल्म उजेडात नीट भरते, पण बॅगेत विसेक फ्रेमनंतर पुढे सरकतच नाही. जोर लावला की खाचेतून निसटते. मुक्काम मुंबई, दिवस पावसाचे. स्टीलचं रीळ घ्यावं का? एकच फिल्म असेल तर द्रावण किती घालायचं?

प्रतिसाद १
रीळ बदलायची घाई करू नका. उजेडात चालतं आणि बॅगेत अडतं, म्हणजे बहुतेक दमटपणाच नडतोय. बंद बॅगेत हातांना घाम सुटतो, फिल्मवरचं जिलेटिन ती ओल शोषून चिकट होतं आणि प्लॅस्टिकच्या खाचेत धरतं.

आधी रीळ कानाजवळ हलवून बघा. तोंडाशी दोन्ही बाजूंना बारीक छर्रे असतात, ते खुळखुळले पाहिजेत. आवाज नसेल तर आत ओल आहे किंवा वेटिंग एजंटचा (शेवटी पाण्याचे डाग पडू नयेत म्हणून वापरायच्या द्रवाचा) थर बसलाय. गरम पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन खाचा घासा, मग रीळ रात्रभर वाळू द्या. यापुढे वेटिंग एजंट वेगळ्या भांड्यात, फिल्म रिळावरून काढल्यावरच वापरा.

फिल्मचं टोक दोन छिद्रांच्या मधोमध सरळ कापा आणि कोपरे किंचित गोल करा. कात्री छिद्रातून गेली तर दातेरी कड हमखास अडकते. लीडर (फिल्मचं सुरुवातीचं टोक) डबीबाहेर असेल तर तेवढा भाग छर्‍यांपलीकडे उजेडातच सरकवून ठेवता येतो, कारण त्याला आधीच उजेड लागलेला असतो. उरलेली फिल्म बॅगेत.

तरीही अडकली तर थांबा. रीळ तळव्यावर हलकेच आपटा. नाही सुटली तर रिळाचे दोन भाग वेगळे करा, फिल्म टाकीत ठेवा, मधली काळी नळी बसवा आणि झाकण लावा. आता हात बाहेर काढून पुसा, पंख्याखाली कोरडे होऊ द्या. ती नळी विसरू नका, तिच्याशिवाय झाकणातून उजेड आत जातो.

प्रतिसाद २
बिनखिडकीचं बाथरूम असेल तर रात्री तेच वापरा, बॅगेपेक्षा फार बरं. दाराच्या फटीला टॉवेल लावा आणि पाच मिनिटं अंधारात बसून कुठून उजेड झिरपतोय का ते बघा. नुकतीच कोणी आंघोळ केली असेल तर मात्र नको. लाल दिवाही नको, पॅनक्रोमॅटिक (सगळ्या रंगांचा उजेड टिपणारी) फिल्म लाल उजेडानेही खराब होते.

स्टीलच्या रिळाला ओलीचं वावडं नाही. त्यात फिल्म आतून बाहेर भरतात, बोटांनी थोडी कमानीसारखी दाबून. पण वेटोळं चुकून दोन थर चिकटले तर तिथे ना डेव्हलपर (चित्र उमटवणारं द्रावण) पोचतो ना फिक्सर (ते पक्कं करणारं), आणि दुधाळ डाग उरतो. फिल्म दुमडली की चंद्रकोरीसारखी खूण उमटते. रीळ पडून जरा वाकलं तर कायमचं त्रास देतं. म्हणून स्वस्तातलं जुनं स्टीलचं रीळ घेऊ नका.

द्रावणाचं माप टाकीच्या बुडावर असतं: ३५ मिमीच्या एका रिळाला २९० मिली, १२० च्या (मागे कागद असलेल्या रुंद) एका फिल्मला ५००. ३५ च्या दोन फिल्म असतील तर सरळ ६०० घाला. एकच फिल्म असेल तर भरलेलं रीळ खाली ठेवा आणि वर रिकामं बसवा. नाहीतर टाकी उलटीपालटी करताना रीळ नळीवर वर सरकतं, फिल्मची वरची कड द्रावणाबाहेर राहते आणि निगेटिव्हवर फिकट पट्टा येतो.

धागाकर्ता
आवाज एकाच बाजूने येतोय, दुसरा छर्रा बसलाय. धुऊन वाळत घातलं. हेच रीळ १२० ला चालेल ना?

प्रतिसाद १
चालेल. दोन भाग पिळून सोडवा आणि रुंद खाचेवर पक्के बसवा. १२० रुंद आणि लवचीक असते, त्यामुळे सुरुवातीलाच मुरडते. कागदाला चिकटपट्टी लावलेल्या टोकाकडून भरा. पट्टी कागदावरून सोडवून फिल्मच्या कडेवर दुमडली की ती कड ताठ होते आणि सहज आत जाते.