पोरांच्या निबंधावर पोरांनीच शेरे लिहायचे?

जुना खडू, देवगड
काल इथे कोणीतरी लिहिलंय, 'निबंध भिंतीवर लावायचे आणि त्यावर पोरांकडूनच शेरे लिहून घ्यायचे, म्हणजे मास्तरांनी आपली तपासणी पोरांच्या गळ्यात मारली.' वाचून चहा निवला माझा. बावीस वर्षं मराठी शिकवलंय. चाळीस वह्या घरी आणायच्या, लाल शाईत 'अक्षर सुधारा' लिहून परत द्यायच्या. पोरं शेरा बघत आणि वही मिटत. पुढच्या निबंधात चूक तीच. भित्तिपत्रक सुरू केलं, तेव्हा एक पोरगा येऊन म्हणाला, "सर, तिने लिहिलंय की होडीतून कोण उतरलं तेच कळत नाही. परत लिहू?" परत लिहू! साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात हाताने लिहून दैनिक काढायचे. पालगडचा आपला माणूस. तेही कामचुकार काय?

खाडीकाठ
ती पोस्ट माझी. गुरुजी दैनिक स्वतः लिहायचे, पोरांना एकमेकांच्या चुका काढायला बसवत नव्हते. दाखला तुमच्यावरच उलटतोय.
आता माझं ऐका. मुलगी सातवीत. तिने लिहिलं, 'मिरगाचा पाऊस लागला आणि आमचा व्हाळ भरून आला.' बदलीवर आलेल्या साहेबांच्या मुलाने खाली चिठ्ठी डकवली, 'हे मराठी नाही, ओढा लिही.' त्याखाली चौघांचं 'बरोबर'. चौघेही घरी व्हाळच म्हणतात! बाई गप्प. पोरगी आता 'आकाशात काळे ढग दाटून येतात' लिहिते. घ्या तुमचं भित्तिपत्रक.

पऱ्याकाठी, चिपळूण
व्हाळ काय, ओढा काय. आमच्याकडे पऱ्या.

आचऱ्याची काकी
पऱ्या खयसून हाडलास मधीच? व्हाळ तो व्हाळच. ओढो म्हटला काय माका वाटता कोणतरी दोरी ओढता.

पऱ्याकाठी, चिपळूण
काकी, कोकण म्हणजे फक्त सिंधुदुर्ग नव्हे. १९८१ पर्यंत तुम्ही आमच्याच जिल्ह्यात होतात.

आचऱ्याची काकी
म्हणानच भायर पडलाव.

शुद्धलेखनवाला
विषय भरकटतोय. प्रमाणभाषा नको असेल तर परीक्षेत काय लिहिणार?

खाडीकाठ
कसली प्रमाण? माझ्या बाबांनी 'नांव' वर अनुस्वार दिला नाही म्हणून छड्या खाल्ल्या. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी तो अनुस्वारच काढला. छड्या कोण परत घेणार? आणि ओहोळ तुमच्या पुस्तकात चालतो, मग व्हाळाने काय घोडं मारलंय?

शुद्धलेखनवाला
नियम शब्द कसा लिहायचा ते सांगतात. कुठला वापरायचा ते नाही. एवढं तुमचं मान्य. पण अनुस्वार न उच्चारणाऱ्याला तो आठवणार कसा, हे तेव्हाच्या मास्तरांना विचारा, मला नको.

दोनशिक्षकी
तुमची चैन आहे बाबांनो. माझ्या सातवीत चार पोरं, त्यातली दोन सख्खी भावंडं. भावाने बहिणीला शेरा दिला की मधल्या सुट्टीत मारामारी. वर ऑनलाइन माहिती भरता भरता निबंध बघायला वेळ कुठला? आधी पटाचं बोला.

जुना खडू, देवगड
पटासाठी वेगळा धागा काढा, तिथे मी तुमच्या बाजूने भांडेन.
खाडीकाठ, त्या बाई गप्प बसल्या हे चुकलं. माझंही पहिल्या वर्षी असंच झालं होतं. एका पोराच्या निबंधाखाली 'बंडल' लिहिलेल्या सहा चिठ्ठ्या, आणि दुसऱ्या दिवशी पोरगा शाळेत नाही. तेव्हापासून नियम केला: चिठ्ठीवर स्वतःचं नाव हवं आणि निदान एक प्रश्न हवा. 'व्हाळ म्हणजे काय गं?' असं त्या साहेबाच्या मुलाने विचारलं असतं, तर तुमच्या पोरीने पानभर लिहिलं असतं.

खाडीकाठ
हे काल सांगितलं असतंत तर माझं एवढं टंकन वाचलं असतं. प्रश्नाचं ठीक आहे. 'बरोबर' लिहिणाऱ्या चौघांचं काय करायचं ते नाही सांगितलंत.

आचऱ्याची काकी
चेडवाचो पयलो कागद आसा? माका वाचूचो आसा.

खाडीकाठ
फाडला तिने. ओढ्याचा आहे, तो पाठवू?

आचऱ्याची काकी
नुको.