घर्षणाच्या गणितात त्वरण मायनस का येऊलालंय?

लातूर_अकरावी: ५० किलोचा सोयाबीनचा कट्टा फरशीवर ठेवलाय, स्थितिक (हलायच्या आधीचा) घर्षणांक ०.५, गतिक (सरकतानाचा) ०.४, g म्हणजे गुरुत्व त्वरण १० धरायचं. आडवा २०० न्यूटन जोर लावला तर घर्षण ०.५ × ५०० म्हणजे २५० आलं अन् त्वरण उणे १. म्हणजे मी ढकललं की कट्टा माझ्याच अंगावर येणार का?? क्लासमधे सर लई फास्ट जातेत, विचारता बी येईना

मोंढ्यातला: २५० ही कमाल मर्यादा हाय रे, ते घर्षण नाही. कट्टा हललाच नाही तर घर्षण तुझ्या जोराएवढंच, म्हणजे २०० अन् त्वरण शून्य. ३०० लावलास तर सुटतो, मग गतिक घर्षण २००, उरले १००, त्वरण २. आधी हलतंय का ते बघायचं, सूत्र नंतर. पोरं डायरेक्ट μN (घर्षणांक μ गुणिले N, म्हणजे फरशीचा कट्ट्यावरचा लंब जोर) टाकतेत तिथंच मार्क जातेत

नांदेडी_फिजिक्स: बरोबर. अन् जोर तिरपा असला तर N ला mg (कट्ट्याचं वजन, ५० × १० = ५००) लिहू नको, नीट परीक्षेला हेच फिरवून विचारतेत. ३० अंशात वर ओढत २५० लावले तर N = ५०० − १२५ = ३७५, मर्यादा १८७.५ अन् आडवा घटक २१६.५, म्हणजे कट्टा हलला. तेवढाच जोर आडवा लावला तर जेमतेम मर्यादेवर अडकतो

लातूर_अकरावी: अन् तिरपं खाली दाबून ढकललं तर?

नांदेडी_फिजिक्स: N वाढून ६२५, मर्यादा ३१२.५. हलंनाच. आकृती काढ आधी, बाण दाखवून